जिन्याखाली, दोन मिनिटं

माझी खोली जिन्याखाली.
वर डॉक्टर पागनीस, खाली मी,
मधे अकरा पायऱ्या आणि एक चिठ्ठी :
‘डाएट समजावणे.’
कुणी, कुणाला, किती वेळ, ते लिहिलेलं नसतं.
वेळ मला ठाऊक आहे. दोन मिनिटं.

भिंतीवर औषध कंपनीनं दिलेला तक्ता.
त्यात ब्रोकोली आहे, ऑलिव्ह आहे,
कुठल्याशा थंड समुद्रातला मासा आहे.
शेव नाही.
इंदुरात शेवेचं नाव न घेता पथ्य सांगायचं
म्हणजे राजवाडा वगळून पत्ता सांगायचा.
म्हणून मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला
बॉलपेननं वाटी काढते, घरातली, आमटीची.
पोहे एवढे. शेव चिमूटभर. जिलबीकडे पाठ.
जीरावन हवं तितकं.
लोक हसतात. हसले की थोडं ऐकतात.

डॉक्टर म्हणतात, क्षिप्रा,
गोळी माणूस घेतो, पथ्य माणूस नुसतं ऐकतो.
खोटं नाही ते.
त्यांच्या वडिलांनी कुणा बुवाच्या शब्दावर
इन्सुलिन सोडलं, कारल्याचा रस धरला.
आधी अंगठा गेला, मग पाऊल,
मग गुडघ्यापर्यंत.
हे मला कंपाउंडर माधवसिंगनं सांगितलं,
आवाज खाली आणून, पावत्या फाडता फाडता.
तेव्हापासून ‘पथ्य’ म्हटल्यावर
त्यांचं पेन टेबलावर का टकटकतं ते कळतं मला,
आणि तरी राग येतो.

धारकर आले पौषात.
छप्पनच्या मागच्या गल्लीत पोह्यांची गाडी,
पहाटे चारला कढई.
तीन महिन्यांची साखर नऊ-एक.
“मॅडम, चाखल्याशिवाय मीठ कळतं का?”
मला उत्तर येईना.
मग दोघांनी मिळून काढलं :
चाखा, पण मोजा. मोजलं की लिहा.
मुलीची जुनी दुरेघी वही, अर्धी निबंधांनी भरलेली,
‘माझा आवडता ऋतू’च्या पाठीवर सुरुवात :
पोहे चाखून ७ चमचे. दुपारी ज्वारीची एक.
रात्री लग्नाला गेलो. बाफले पाहिले.

वैशाखात सहा-आठ.
डॉक्टर म्हणाले, लॅब बदला.
दुसऱ्या लॅबनंही सहा-आठच सांगितलं.
“छान. गोळी लागू पडली. चालू ठेवा.”
चालूच ठेवा, मीही म्हटलं जिन्यातून,
माझं कुठं गोळीशी भांडण आहे?
पण ते ‘छान’
माणसाला न लागता गोळीला लागलं.

त्या संध्याकाळी मी वही नेऊन ठेवली
त्यांच्या टेबलावर, बीपीच्या यंत्राखाली.
तीन दिवस काहीच नाही.
चौथ्या दिवशी माधवसिंग ती घेऊन खाली उतरला.
मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल.

मी चाळत गेले.
होळीनंतरचा मंगळवार. साखर दोनशे नव्वद.
खाण्याच्या रकान्यात धारकरांनी लिहिलेलं,
‘आजचं विचारू नये.’
आणि शेजारी समासात, पेन्सिलीनं,
केमिस्टलाही न लागणारं ते अक्षर
या खेपेला जपून, सुटं सुटं काढलेलं :
काय झालं होतं?

चौदा वर्षांत अकरा पायऱ्या उतरून
वरून प्रश्न आला नव्हता कधी.
उत्तर मला माहीत होतं.
भावाचं तेरावं, त्याच्याच आवडीचं गोड,
वहिनीनं वाढलेलं पान सारता आलं नाही.
पण ते मी लिहिलं नाही.

धारकर आले तेव्हा म्हटलं, वर जा.
“चिठ्ठी?”
चिठ्ठी नको. वही घेऊन जा.

ते गेले. दोन मिनिटं झाली.
पाच झाली. बाकावरचे कुरकुरायला लागले,
माधवसिंगनं दोनदा दाराकडे पाहिलं.
वरून काही ऐकू येत नव्हतं,
पेनाची टकटकसुद्धा.
माझ्यापुढच्या बाई तिसऱ्यांदा विचारत होत्या,
शिकंजी चालेल ना हो?
मी म्हटलं, लिंबाची,
का आपली, दुधाची?